इमारतीला धक्का लागू नये: दाबोळी, दमण आणि दीवच्या धावपट्ट्या

डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईसाठी भारतीय हवाई दलाला जे आदेश मिळाले, त्यांत चार कलमे होती. पहिले : दाबोळीची धावपट्टी निकामी करावी, मात्र टर्मिनलची इमारत आणि विमानतळावरच्या इतर सोयींना धक्का लावू नये. दुसरे : बांबोळीचे बिनतारी केंद्र नष्ट करावे. तिसरे : दमण आणि दीवच्या धावपट्ट्या शत्रूला वापरू देऊ नयेत, पण आधी परवानगी घेतल्याशिवाय तिथे हल्लाही करू नये. चौथे : पुढे सरकणाऱ्या पायदळाला साहाय्य करावे.

चारपैकी दोन कलमे धावपट्ट्यांची आहेत, आणि त्या दोन्ही कलमांत ‘करा’च्या पाठोपाठ ‘करू नका’ आले आहे. गोव्याच्या मुक्तीची हकीकत आपण साधारणपणे १७ डिसेंबरच्या रात्रीपासून १९ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत सांगतो. साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत कोसळली, एवढ्यावर ती संपते. पण आदेशातली ही कलमे वाचली की मागे जावे लागते. हातभर जमिनीच्या या वसाहतीत तीन-तीन धावपट्ट्या आल्या कुठून? त्या कोणी बांधल्या, कोणत्या वर्षी, कशाच्या भीतीने? उत्तर एका कागदात मिळत नाही. पेशवाईतल्या सनदा, हेगच्या न्यायालयाचे निकालपत्र, एका विमान कंपनीचे मार्ग आणि दोन्ही बाजूंच्या लढाईच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या, की ते हळूहळू दिसू लागते.

पुण्याचा करार

पहिला कागद पुण्याचा आहे. १७ डिसेंबर १७७९ रोजी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. सवाई माधवराव अजून लहान होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. या करारानुसार दमणच्या बाजूच्या मुलखातून १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यायची ठरली. पुढे १७८३ आणि १७८५ च्या पेशव्यांच्या सनदांनी ती गावे नेमून दिली गेली. हीच नगर हवेली आणि दादरा.

ही गावे समुद्रावर नव्हती. दमणचा किल्ला किनाऱ्याला, तर ही गावे आत, आणि मधला मुलूख परक्याचा. आधी तो मराठ्यांचा होता, मग इंग्रजांचा झाला आणि १९४७ नंतर भारताचा. दमणहून दादऱ्याला जायचे तर दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पावणेदोनशे वर्षे ते खपून गेले, कारण मधल्या मुलखाच्या धन्याने वाट अडवली नाही.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती वाट बंद झाली. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांनी आधी दादरा आणि मग २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त केले. गायक-संगीतकार सुधीर फडके या लढ्यात होते, हे मराठी घरांतून आजही अभिमानाने सांगितले जाते. दमणच्या गव्हर्नरला तिकडे कुमक पाठवायची होती, पण भारताने आपल्या हद्दीतून जाऊ दिले नाही.

पोर्तुगालने मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. २२ डिसेंबर १९५५ रोजी दावा दाखल झाला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला हे या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून खंडपीठावर बसले. हेगमध्ये वाद रंगला तो पुण्यातल्या जुन्या कागदांवर. पेशव्यांनी पोर्तुगीजांना दिले ते काय? राज्य, की नुसता वसूल?

१२ एप्रिल १९६० च्या निकालपत्राने या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे उत्पन्नाचा हक्क. सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता तिथे व्यवहारात मान्य केली आणि भारताने तीच स्थिती पुढे चालू ठेवली, म्हणून वहिवाटीने एक हक्क तयार झाला. तो खासगी माणसांच्या, मुलकी अधिकाऱ्यांच्या आणि मालाच्या ये-जा करण्यापुरता होता. सशस्त्र सैनिक, हत्यारी पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तो लागू नव्हता. पहिला मुद्दा ११ विरुद्ध ४ मतांनी ठरला, दुसरा ८ विरुद्ध ७. भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

‘सरंजाम’ हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळलेला आहे की त्यातला बारकावा आपण विसरतो. सरंजाम म्हणजे चाकरीपोटी किंवा मर्जीने लावून दिलेले उत्पन्न. जमिनीची मालकी नव्हे. त्या एका शब्दाच्या अर्थावर विसाव्या शतकात दोन देश भांडले. मोडी दप्तरांच्या धुळीत बसणाऱ्या अभ्यासकाला आपण काय सांभाळतो आहोत, हे यातून कळावे.

जमीन बंद, आकाश उघडे

निकाल १९६० चा, पण पोर्तुगीज सरकार निकालाची वाट पाहत बसले नव्हते. वाट अडली की काय होते, हे १९५४ ने त्यांना दाखवले होते. नगर हवेली गेली, कारण तिला समुद्र नव्हता. गोवा, दमण आणि दीव ही उरलेली तिन्ही ठिकाणे किनाऱ्यावर होती. गोव्याहून दमण साडेपाचशे किलोमीटरवर, दमणहून दीव खंबायतचे आखात ओलांडून सुमारे दोनशे. भारताच्या भूमीवर पाऊल न ठेवता ही तीन ठिकाणे जोडायची तर वरून, समुद्रावरच्या आकाशातूनच जावे लागणार होते.

गोव्याच्या आकाशाला विमान नवे नव्हते. टाटा एअरलाइन्सने १९३५ मध्ये मुंबईहून तिरुवनंतपुरमला सेवा सुरू केली, तेव्हा जुहूहून निघालेले छोटे विमान गोवा आणि कन्नूर इथे थांबत असे. त्या काळी गोवा मुंबईच्या हवाई वाटेवरचा एक मुक्काम होता. वीस वर्षांनी बांधलेल्या धावपट्ट्यांचा हेतू नेमका उलटा होता. मुंबईला वळसा घालता यावा म्हणून त्या बांधल्या गेल्या.

१९५५ हे साल या कथेचा मध्य आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही जमले. महाराष्ट्रातून आणि देशभरातून आलेल्या त्या निःशस्त्र लोकांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे पडली. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद झाली, गोव्यातली भारतीय वकिलातही उठली. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे थांबली. मुंबईत नोकरी करणारा गोंयकार गावी जाईनासा झाला आणि गावच्या आईबापांना मुंबईची मनिऑर्डर दुर्मिळ झाली.

आणि त्याच वर्षी दाबोळीच्या सड्यावर विमान उतरू लागले.

कोकणात विमान उतरवायचे तर सडाच लागतो. खाली खाडी, उतारावर माड आणि भातशेती, आणि माथ्यावर जांभ्याचा सपाट, उघडा कातळ. रत्नागिरी, चिपी, मोपा हे विमानतळ अशाच माथ्यांवर आहेत. दाबोळीचा माथा समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटर उंच, मुरगाव बंदराला लागून, वास्को शहराच्या वर. तिथल्या २४९ एकरांवर पोर्तुगीज सरकारने विमानतळ बांधला आणि पुढे त्याला तेव्हाचे गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव दिले. दमणला आणि दीवलाही धावपट्ट्या झाल्या. ‘ट्रान्सपोर्तिश आएरिउश दा इंदिया पोर्तुगेझा’ ही सरकारी विमान कंपनी उभी राहिली. तिच्या नावाची आद्याक्षरे जोडून ‘ताइप’ म्हणत.

ताइपचे मार्ग नकाशावर काढून पाहावेत. गोवा, दमण, दीव आणि कराची. मुंबई नाही, बेळगाव नाही, हुबळी नाही. तासाभरावरचे शेजारचे शहर वर्ज्य, आणि साडेबाराशे किलोमीटरवरचे कराची नित्याचे. कराचीत गोंयकारांची जुनी वस्ती होती, तिथून पुढे युरोपची वाट होती आणि पाकिस्तान उतरू देत होता. पुढे या कंपनीची विमाने लिस्बनपर्यंत जाऊ लागली. आधी हेरॉन आणि व्हायकिंगसारखी लहान विमाने होती, नंतर मोठी डग्लस आली. न्यायालयात ‘आमची वाट अडली’ म्हणून दावा चालू होता आणि इकडे वाटेवाचून जगण्याची सोय केली जात होती. निकालपत्र आणि विमानांचे मार्ग एकत्र वाचले की कळते : धावपट्टी ही जमिनीवरचा रस्ता गेल्याची कबुली होती.

आंबोलीच्या जंगलातला आवाज

जमीन बंद झाली तेव्हा आकाशाकडे वळले ते एकटे राज्यकर्ते नव्हते. त्याच १९५५ सालच्या नोव्हेंबरमध्ये, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवत होते. ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ या नावाने कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून बातम्या सांगितल्या जात. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि मुक्तीपर्यंत, सहा वर्षे, चालू राहिले.

आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, भिंतींना शेवाळ धरते, कपडे वाळत नाहीत. अशा ओलीत ध्वनिक्षेपक कोरडा ठेवायचा, जळवा आणि साप चुकवायचे आणि सीमेपलीकडच्या लोकांना रोज सांगत राहायचे की तुम्ही एकटे नाही. पोर्तुगीज पेपर सेन्सॉरखाली होते; पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत खरी बातमी छापणे हा गुन्हा होता. घराची दारे लावून, आवाज बारीक करून ऐकला जाणारा तो रेडिओ हा गोव्यातल्या कित्येकांचा बाहेरच्या जगाशी एकमेव दुवा होता.

म्हणून १९५५ ते १९६१ ही सहा वर्षे मला दोन बांधकामांची वाटतात. एका बाजूला जांभ्याच्या सड्यावर डांबर पसरले जात होते, दुसऱ्या बाजूला जंगलात तार ताणली जात होती. दोन्ही त्याच कुंपणावरून पलीकडे पोचण्यासाठी होत्या. धावपट्टीमागे एक सरकार आणि त्याचा खजिना होता; तारेमागे दोन तरुण माणसे होती.

पौंड आणि मीटर

१८ डिसेंबर १९६१. हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. ते स्वतः गोंयकार वंशाचे. कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने पुण्याहून उडाली, हंटर विमाने बेळगावजवळच्या सांबऱ्याहून. म्हणजे या लढाईतही एका धावपट्टीला दुसरी धावपट्टी उत्तर देत होती.

पहिल्या हल्ल्यात विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा दाबोळीवर आली. त्यांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे २८ टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दुसरी लाट विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची, ८ कॅनबेरांची. टर्मिनलची इमारत दोन्ही वेळा शाबूत राहिली. सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र रॉकेट आणि तोफांनी मुके केले. दाबोळीवर सेबर लढाऊ विमाने असावीत, असा भारतीय बाजूचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिथे एकही लढाऊ विमान नव्हते. ॲप्रनवर दोन प्रवासी विमाने उभी होती, एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक ताइपचे डग्लस.

इथे दोन बाजूंचे कागद वेगवेगळे बोलू लागतात. भारतीय हकिकत सांगते की धावपट्टी निकामी झाली. पोर्तुगीज हकिकत सांगते की त्याच रात्री त्याच धावपट्टीवरून दोन विमाने उडून गेली. घाईने वाचणारा म्हणेल, दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. तसे नाही. एका बाजूने पौंड मोजले आहेत, दुसऱ्या बाजूने मीटर.

दिवस मावळल्यावर पोर्तुगीजांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवून घेतला. अधिकाऱ्यांची बायकामुले बाहेर काढायची होती. सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचे, अवजड, समुद्र ओलांडणारे विमान. त्याला लांब धाव लागते. वैमानिक मानुएल कोरैया रैश यांनी जादा खुर्च्या आणि नको ते सगळे सामान उतरवून टाकले. अंधारात, हाती असलेल्या सुमारे ७०० मीटरमध्ये त्यांनी विमान उचलले. धावताना धावपट्टीवरचे दगड आणि ढेकळे उडून विमानाच्या अंगात २५ भोके पडली आणि एक टायर फुटला. मागोमाग ताइपचे विमान उडाले. ते कंपनीचे संचालक मेजर सोलानु द आल्मैदा स्वतः चालवत होते. दोन्ही विमाने समुद्राला जवळजवळ टेकून, भारतीय गस्त चुकवत कराचीला पोचली.

विमानाच्या कुडाला पडलेली ती भोके हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा आहे. बॉम्बनी धावपट्टी कशी फोडली होती, हे त्यातून कळते, आणि किती उरली होती हेही. ‘निकामी’ हा शब्द लष्करी अर्थाने खरा होता : त्या रात्रीनंतर दाबोळीवर कुमक उतरू शकली नाही. आणि ७०० मीटर हा आकडाही खरा होता. जिवावर उदार झालेल्या वैमानिकाला तेवढे पुरले. त्या विमानांत बसलेल्या मुलांचा सालाझारच्या धोरणाशी काही संबंध नव्हता. ती सुखरूप पोचली, याचे समाधान गोव्याच्या मुक्तीवर प्रेम करणाऱ्यालाही वाटले पाहिजे.

ताइपच्या इतिहासातली शेवटची गोवा-कराची फेरी ती हीच. ज्या वाटेसाठी धावपट्टी बांधली होती, तिचा शेवटचा उपयोग पळून जाण्यासाठी झाला.

दमणचे विमानतळ

दमणची हकीकत मराठी वाचकाला जवळची वाटावी. तिथे चालून गेली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, लेफ्टनंट कर्नल एस. जे. एस. भोसले यांच्या हाताखाली. १८ तारखेच्या पहाटे चढाई सुरू झाली. संध्याकाळपर्यंत जवळपास सगळा मुलूख हाती आला होता. उरले होते ते विमानतळ. पोर्तुगीज शिबंदीने शेवटचा ठिय्या तिथेच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठ्यांनी विमानतळावर चाल केली आणि अकराच्या सुमारास शिबंदीने शरणागती पत्करली. गव्हर्नर मेजर कोस्ता पिंटो जखमी होते. शरणागती त्यांच्याकडूनच घेतली जाईल असा भारतीय बाजूचा आग्रह असल्याने त्यांना स्ट्रेचरवर घालून विमानतळावर आणण्यात आले. सुमारे ६०० सैनिक आणि पोलीस कैद झाले. भारताचे चार जवान कामी आले, पोर्तुगीजांचे दहा.

शिबंदी किल्ल्यात न जाता विमानतळावर का थांबली, याचे उत्तर आपण पाहिलेल्या कागदांत आहे. दमणचा किल्ला सोळाव्या शतकातल्या सत्तेचा आधार होता, समुद्रातून येणाऱ्या जहाजांच्या भरवशावरचा. १९५५ नंतर त्या सत्तेचा श्वास धावपट्टीवर चालत होता.

दीवला हवाई दलाच्या ‘तुफानी’ नावाच्या लढाऊ विमानांनी नियंत्रण मनोरा, बिनतारी केंद्र आणि हवामान केंद्र फोडले आणि धावपट्टीवर हजार पौंडी चार बॉम्ब टाकले. पुन्हा हल्ल्यासाठी आलेल्या वैमानिकांना खाली माणसे पांढऱ्यासारखे काही हलवताना दिसली. त्यांनी बॉम्ब न टाकता विमाने वळवली. आदेशातल्या ‘करू नका’चा अर्थ आकाशातल्या माणसालाही कळला होता.

गोव्यात १९ डिसेंबरच्या सकाळी भारतीय सैन्य पणजीत पोचले. लिस्बनहून सालाझारने फर्मावले होते की युद्धविराम नको, कैदी नकोत; जिंकावे किंवा मरावे. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा पेशाने लष्करी अभियंता होते. त्यांनी आपल्या माणसांचा आणि गोव्यातल्या जुन्या वास्तूंचा बळी देण्याचे नाकारले आणि त्या रात्री साडेआठ वाजता शरणागतीच्या कागदावर सही केली. त्याची शिक्षा म्हणून मायदेशात त्यांना सैन्यातून काढले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान परत मिळाला.

धावपट्टी राहिली

१९६२ मध्ये दाबोळीचे विमानतळ नौदलाच्या ताब्यात गेले. १९६४ मध्ये आयएनएस हंस हा नौदलाचा हवाई तळ कोइमतूरजवळच्या सुलूरहून दाबोळीला आला, तो आजही तिथे आहे. फुटलेली धावपट्टी बुजवली गेली, वाढवली गेली आणि त्याच दशकात मुंबईची विमाने पुन्हा उतरू लागली. दमणचे विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, दीवला नागरी विमाने जातात. मोपाच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. तो पेडण्याच्या सड्यावर, सिंधुदुर्गच्या हद्दीला खेटून आहे. ज्या सीमेवर १९५५ मध्ये सत्याग्रही उभे होते, तिथून सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे लोक आता विमान पकडायला जातात.

३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. पुण्यात १७७९ मध्ये एका करारात जे संदिग्ध राहिले होते, ते १९५ वर्षांनी दुसऱ्या करारात स्वच्छ लिहिले गेले.

आता पुन्हा त्या पहिल्या कलमाकडे. इमारतीला धक्का लावू नये. शत्रूची मालमत्ता असे समजून कोणी ते लिहिले नसते. बॉम्ब पडण्याआधीच त्या आदेशाने ठरवून टाकले होते की ही इमारत उद्या आपल्याला लागणार आहे. गोवा आपला आहे, हे पुढे कितीतरी भाषणांत आणि ठरावांत म्हटले गेले. लष्करी आदेशाच्या कोरड्या भाषेत ते त्याआधीच लिहिलेले होते.

आणि १९ डिसेंबरचा आणखी एक कागद नव्हे, एक आवाज आहे. सहा वर्षे जंगलात दडून बोलणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो त्या दिवशी हवाई दलाच्या विमानात बसले. विमानाच्या पोटाला ध्वनिवर्धक लावला होता. गोव्याच्या खाड्यांवरून, माडांवरून, चर्चच्या आणि देवळांच्या माथ्यावरून ते विमान फिरले आणि गोवा मुक्त झाल्याची वार्ता त्यांनी कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून खालच्या लोकांना सांगितली. सहा वर्षे दारे लावून ऐकलेला आवाज लोकांनी त्या दिवशी अंगणात येऊन, मान वर करून ऐकला.